निवाऱ्यातला झेंडा

देवळाली कॅम्पात, लाम रोडच्या वळणावर ‘खैरनार लाँड्री’ अजून उघडते याचं लोकांना नवल वाटतं. इस्त्री न लागणारं कापड बाजारात आलं त्याला बारा वर्षं होऊन गेली. तोफखान्यातले जवानसुद्धा आता असे गणवेश घालतात, की पिळून खुंटीला टांगले तरी सकाळी परेडला कडक. तरी छायाबाईंच्या टेबलावर काहीतरी असतंच. कुणाच्या आजीची नऊवारी, कुणाचा हट्टानं जपलेला सुती सदरा, आणि वर्षातून दोनदा, ऑगस्टात आणि जानेवारीत, शाळांचे आणि कचेऱ्यांचे झेंडे. मान राखणाऱ्या जागी झेंडा अजून खादीचाच लागतो, आणि खादी अजून खादीसारखीच वागते. धुतली की रुसून बसते. तिची समजूत काढावी लागते.

पंधरा ऑगस्ट आठ दिवसांवर होता. छायाबाई एका शाळेचा झेंडा उलट्या बाजूनं दाबत होत्या, तेवढ्यात त्यांची सून प्रणिता आत आली. तिनं चप्पलसुद्धा काढली नाही.

“आई, परवानगी आली. समितीनं मान्य केलं. झेंडा तपासणार.”

छायाबाईंनी इस्त्री उभी करून ठेवली. “कुठला झेंडा?”

“आई, असं काय करता? हर्षलचा. दुसरा कुठला आहे आपल्याकडे?”

बाहेरच्या खोलीत भिंतीवर, काचेच्या चौकटीत तो होता. हातभर लांबीचा, खादीचा, तिरंगी. खाली ‘ध्रुवपथ’ कंपनीचं प्रमाणपत्र, सोनेरी अक्षरात: ‘हा स्मृतिध्वज चंद्राभोवतीच्या स्थानकावर एकशे एकतीस दिवस होता. उड्डाणापासून परतीपर्यंत तो निवारा कक्षाच्या भिंतीतील कप्प्यात सीलबंद ठेवण्यात आला होता.’ त्याखाली अंतराळवीराचं नाव. हर्षल खैरनार, जीवनाधार तंत्रज्ञ. म्हणजे हवा, पाणी आणि संडास सांभाळणारा. “आपलाच धंदा आहे आई,” तो म्हणायचा, “लोकांची घाण साफ करायची. फक्त जरा उंचावर.”

तो जाऊन दोन वर्षं झाली होती. रक्ताचा कॅन्सर. स्थानकावर असताना सूर्यावरून किरणांचं वादळ आलं, एकतीस तास चाललं. बरोबरचे दोघं तेव्हा खाली चंद्रावर होते, तिथल्या मातीखालच्या तळावर सुखरूप. वर हर्षल एकटा. अशा वेळी निवाऱ्यात जाऊन बसायचं असतं. निवारा म्हणजे माणूस जेमतेम मावेल असं कपाट, त्याच्या भिंतींतून पाण्याच्या पिशव्या भरलेल्या. पाणी किरणांना अडवतं. हर्षल सांगायचा की तो एकतीस तास त्या कपाटातच होता, आणि पिशव्या अर्ध्याच भरलेल्या होत्या. वर न्यायचं वजन वाचवायला कुणीतरी खालीच हात आखडता घेतला होता. कंपनी म्हणायची पिशव्या भरलेल्या होत्या, कागद आहेत. हर्षलच आज्ञा मोडून पाच तास निवाऱ्याबाहेर स्थानकात भटकत होता. वादळात स्थानकाचे संगणक बंद पडले, त्यामुळे नोंद नाही. नंतर तो निवाऱ्याचा भाग जुना झाला म्हणून चंद्रावर आपटून टाकून दिला, त्यामुळे पिशव्याही नाहीत. हर्षलच्या रक्तातल्या तपासणीनं त्याला किती किरण लागले ते सांगितलं. कुठे बसून लागले, ते रक्त सांगत नाही.

ध्रुवपथच्या कारभाराची चौकशी करायला सरकारनं समिती नेमली होती. तिच्यापुढे प्रणितानं भरपाईचा अर्ज केलाच नव्हता. तिला एवढंच हवं होतं, की ध्रुवपथच्या प्रशिक्षणात एक धडा शिकवतात तो काढून टाकावा. धड्याचं नाव ‘खैरनार प्रसंग’. नवीन भरती झालेल्या पोरापोरींना पहिल्याच आठवड्यात शिकवतात: आज्ञा मोडली की काय होतं. शेवटी प्रश्न असतात. पाच गुणांचे.

“झेंडा काय सांगणार गं?” छायाबाईंनी विचारलं.

“तो निवाऱ्यात होता ना? कंपनीच्याच तोंडचं आहे, सोनेरी अक्षरात. निवारा चांगला असेल तर झेंडा वाचला असेल. निवाऱ्यातच किरण शिरले असतील तर झेंड्यालाही हर्षलएवढेच लागले असतील. आता असं यंत्र निघालंय की कापसाच्या धाग्यावरून ते कळतं.” प्रणिताचा आवाज कितीतरी दिवसांनी वर चढला होता. “आई, तिथे दोघंच होते. एक गेला. दुसरा भिंतीवर आहे.”

छायाबाईंनी इस्त्री पुन्हा उचलली आणि ती तशीच हातात धरून उभ्या राहिल्या.

*

डॉ. इम्तियाज मुजावर पुण्याहून स्वतः आले. मिरजेकडचा माणूस, पन्नाशीचा, बोलायला मऊ. सोबत एक धातूची पेटी होती, तीत ते झेंडा नेणार होते. चहा झाला. मग छायाबाईंनी विचारलं, “डॉक्टर, मला एक सांगा. कापडाला कसं आठवतं?”

डॉक्टरांना हा प्रश्न आवडला.

“मावशी, कापूस म्हणजे साखरेच्या कणांच्या लांबच लांब साखळ्या. तुमच्या हाताखालून आयुष्यभर त्याच गेल्यात. अंतराळातला किरण जोरात आत घुसला की साखळीतली एखादी कडी तुटते. तुटल्या जागी एक इलेक्ट्रॉन एकटा उरतो. इलेक्ट्रॉन हे जोडीनं राहणारे. हा एकटा पडला की दुसरा शोधायला निघतो. पण कोरड्या, घट्ट धाग्यात त्याला हलायला जागाच नसते. मग तिथेच अडकून बसतो. वर्षानुवर्षं. आमचं यंत्र धाग्याला चुंबकात धरतं आणि असे एकटे राहिलेले किती, ते मोजतं. जितके किरण, तितके एकटे.”

“मग यंत्र इथेच लावा की,” छायाबाई म्हणाल्या. “बसल्या जागी दोन सापडतील.”

प्रणिता हसली. डॉक्टरही हसले, मग हसावं की नाही असं वाटून चष्मा पुसायला लागले.

“आधी हे यंत्र एवढं बारीक मोजू शकत नव्हतं,” ते पुढे म्हणाले. “आता बोटभर दोरा पुरतो. शिवणीच्या आतल्या बाजूचा काढू. झेंड्याला कुठे धक्का लागल्यासारखा दिसणार नाही.” त्यांनी फॉर्म काढला. “थोडे प्रश्न आहेत. झेंडा कुठे ठेवला होता?”

“तो आला तेव्हा सीलबंद पाकिटात होता,” प्रणिता म्हणाली. “हर्षल गेल्यावर मी स्वतः पाकीट फोडून चौकट करून आणली. पाकीटही ठेवलंय फायलीत.”

“पाणी लागलंय कधी? धुतला वगैरे?”

“नाही.”

“इस्त्री?”

“अहो, पाकीटच बंद होतं. माझं प्रतिज्ञापत्र आहे तसं.”

“उत्तम. ते फार महत्त्वाचं आहे,” डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले. “पाणी लागलं की धागा फुगतो, साखळ्या सैल होतात, आणि अडकलेल्याला जोडीदार सापडतो. मग मोजायला काही उरत नाही. उष्णतेनं तर त्याहून लवकर. कापड ओलं करून गरम इस्त्री फिरवली तर संपलंच. कापड सगळं विसरतं.”

छायाबाई कपबश्या उचलून आत गेल्या. नळ सोडला आणि त्याखाली बशी धरून उभ्या राहिल्या. बशी केव्हाच स्वच्छ झाली होती.

*

हर्षल स्थानकावरून परत आला, त्याला तीन आठवडे झाले होते तेव्हाची ही गोष्ट. सत्कार उरकले होते. प्रणिता कामावर गेली होती आणि दुपारच्या वेळी तो दुकानात आला, शटर अर्धं ओढलं आणि टेबलावर एक पाकीट ठेवलं. सीलची चिकटपट्टी नखानं हळूच सोडवून परत लावलेली होती. छायाबाईंना ते एका नजरेत कळलं. डाग लपवून कपडे आणणारी माणसं त्यांनी चाळीस वर्षं पाहिली होती.

“काय सांडलंस?”

“आई, ओरडू नकोस.”

“मी कधी ओरडले? दाखव.”

पांढऱ्या पट्ट्यावर, चक्राच्या डाव्या अंगाला, तळहाताएवढा पिवळट डाग होता, कडेला तपकिरी. वास धुराचा आणि आंबट.

“उलटी?”

त्यानं मान हलवली. “वादळाच्या वेळी. निवाऱ्यात शिरून चार-पाच तास झाले असतील. एकदम आली. पिशवी हाताशी नव्हती. तिथे ती खाली पडत नाही ना गं, तरंगते. समोरच हवेचा पंखा. एकच पंखा, त्यात गेली असती तर पंखा बंद आणि मी पण बंद. भिंतीतल्या कप्प्यात हेच एक कापड होतं.” तो थांबला. “पंख्यापुढे धरलं. दुसरं काही सुचलं नाही.”

“मग बरोबर केलंस.”

“बरोबर काय आई. झेंडा आहे तो. आणि सीलबंद वस्तू उघडायची नाही असा नियम आहे, तोही मोडला. कळलं तर परत वर पाठवणार नाहीत.” वर परत जायची त्याला तेव्हा आशा होती. “आणि लोक काय म्हणतील? कॅम्पातला पोरगा, लहानपणापासून झेंडे इस्त्री करणाऱ्या घरचा. त्यानं झेंड्यावर...” पुढचा शब्द त्यानं उच्चारला नाही. “निघेल का? अगदी काही कळणार नाही असा?”

छायाबाईंना त्या वेळी, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. पोरगा चंद्रापर्यंत जाऊन आला होता, आणि आला तो शेवटी डाग घेऊन आईकडेच. जगात दुसऱ्या कुणाला ते जमण्यासारखं नव्हतं.

“प्रणिताला पण सांगू नकोस,” तो म्हणाला. “ती सरळ आहे. तिला विचारलं तर ती खरं सांगून टाकेल.”

गरम पाणी लावलं तर असला डाग कायमचा बसतो, म्हणून आधी थंड पाणी, थेंब थेंब. मग रिठ्याचा फेस, बोटाच्या टोकानं. भगवा आणि हिरवा पांढऱ्यात उतरू नये म्हणून मिठाचं पाणी. सोडा चिमूटभर. दोन तास गेले. मग वास राहिला होता म्हणून सगळाच झेंडा रिठ्यातून काढला, सावलीत वाळवला, आणि दमट असतानाच उलट्या बाजूनं इस्त्री केली, वर मलमलचं फडकं ठेवून. चक्राचा एक आरा इकडचा तिकडे झाला नाही. डाग कुठे होता ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं, लक्षात ठेवला नसता तर. पाकिटाची चिकटपट्टी नुसती दाबून बसेना म्हणून कडेची पट्टी इस्त्रीच्या टोकानं दाबून पक्की केली. कारखान्यातून आल्यासारखं पाकीट झालं.

हर्षलनं ते उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाला, “आई, तू वर असायला पाहिजे होतीस.”

सहा महिन्यांनी त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं.

*

डॉक्टर चहाला येऊन गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी ते दोरा काढायला झेंडा नेणार होते. सकाळी छायाबाई भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “झेंडा कापायचा नाही.”

प्रणिता पोळ्या लाटत होती. “कापत कुठे आहेत? बोटभर दोरा. शिवणीतला.”

“तरी. झेंड्याला कात्री लावायची नसते.”

“आई, समितीची परवानगी आहे. सरकारी कागद आहे.”

“कागद असू दे. मला पटत नाही.”

लाटणं थांबलं. प्रणिता बाहेर आली. तिच्या कपाळाला पीठ लागलं होतं. “खरं कारण सांगा.”

छायाबाईंनी चौकटीची काच पदरानं पुसली. तिथे धूळ नव्हती.

“मी सांगू?” प्रणिता म्हणाली. “तुम्हाला भीती वाटतेय. झेंड्याला काही लागलं नसेल तर? तो बाहेर गेला असेल तर?”

“तसं नाही.”

“मग कसं? तुमचा विश्वास नाही त्याच्यावर. स्वतःच्या पोरावर. मी सून असून छातीठोक सांगते, तो आत होता. आणि तुम्ही कात्रीचं निमित्त काढता.”

असं काही ऐकावं लागेल, हे छायाबाईंच्या स्वप्नातही नव्हतं. तो आत होता हे जगात एकट्या त्यांनाच नक्की ठाऊक होतं. त्याचा पुरावा त्यांनी दोन तास बसून, थेंब थेंब पाणी घालून, स्वतःच्या हातानं काढून टाकला होता. आणि ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणणारा आता सोडवायला येणार नव्हता.

“न्या म्हणावं डॉक्टरांना,” त्या म्हणाल्या. “नेऊ दे.”

त्या वेळी त्या का बोलल्या नाहीत, हे पुढे त्यांना कितीदा विचारलं गेलं. त्यांनी स्वतःलाही विचारलं. एक म्हणजे पोराला दिलेला शब्द. दुसरं असं, की चाळीस वर्षांत त्यांनी पाहिलं होतं, हळदीचा डाग धुऊन जातो आणि वर्षानं उजेडात धरलं की पुन्हा पिवळी झाक दिसते. कापड इतकं सहज काही सोडत नाही. इस्त्री वरून फिरते, धाग्याच्या पोटात किती जाते? एखादा एकटा कुठेतरी कोपऱ्यात अडकून राहिला असेल. डॉक्टरांचं यंत्र बारीक आहे म्हणतात. त्याला सापडेल.

तीन आठवडे त्या या आशेवर राहिल्या.

*

समिती पुण्याला, एका सरकारी विश्रामगृहाच्या हॉलमध्ये बसली होती. पंखे फार वर होते आणि वारा कुणालाच लागत नव्हता. अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश, थकलेल्या पण नीट ऐकणाऱ्या. ध्रुवपथचे वकील कर्णिक तरुण होते, आणि त्यांच्या कोटाला सुरकुती नव्हती. छायाबाईंनी आधी कोटच पाहिला. नवं कापड.

डॉ. मुजावर उभे राहिले आणि कागद वाचला. झेंड्याच्या धाग्यातली मात्रा जवळजवळ शून्य.

प्रणितानं छायाबाईंचा हात धरला होता, तो तिनं सोडला.

“म्हणजे निवारा भक्कम होता,” कर्णिक म्हणाले. “आम्ही सांगून उपयोग नव्हता, आम्ही पडलो कंपनीचे. पण आता खुद्द झेंडा सांगतोय. खैरनारांबद्दल आम्हाला आदर आहे. पण ते आत नव्हते.”

“माझं एक म्हणणं आहे,” डॉक्टर घाईनं म्हणाले. “हा आकडा फारच कमी आहे. वादळ बाजूला ठेवा. चंद्राजवळ एकशे एकतीस दिवस राहिलेल्या कापडाला रोजचे किरण लागणारच, निवारा कितीही चांगला असला तरी. त्याची खूण हवी. तीसुद्धा नाही. हा धागा पुण्याच्या बाजारातून कालच विकत आणल्यासारखा आहे. एक तर हा झेंडा वर गेलाच नव्हता...”

“तो गेला होता. आमची नोंद आहे,” कर्णिक म्हणाले.

“...नाहीतर त्यातलं सगळं कुणीतरी पुसलंय.”

“पाकीट सीलबंद होतं असं श्रीमती खैरनारांचं प्रतिज्ञापत्र आहे. डॉक्टर, तुमचं यंत्र नवं आहे. नव्या यंत्राचं चुकतं कधी कधी. पण ते यंत्र आणायचा आग्रह आमचा नव्हता.”

अध्यक्षबाईंनी पेन उचललं. छायाबाई उभ्या राहिल्या. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज फार मोठा झाला.

“मी धुतला,” त्या म्हणाल्या. “झेंडा. मी धुतला आणि इस्त्री केली.”

त्यांनी सगळं सांगितलं. पंखा, उलटी, पांढरा पट्टा, मिठाचं पाणी. प्रणिता त्यांच्याकडे बघत नव्हती, समोरच्या टेबलाच्या पायाकडे बघत होती.

“डाग कुठे आहे?” कर्णिकांनी विचारलं. आवाज चांगला होता त्यांचा, उर्मट नव्हता.

“काढला.”

“काहीच खूण नाही?”

“खूण राहिली तर मी कसली परटीण?”

“बाई, तुम्ही आई आहात. आज, हा निकाल ऐकल्यावर, तुम्हाला डाग आठवतो. आणि तो नेमका आता दिसत नाही.”

“पाकीट बघा,” छायाबाई म्हणाल्या. “कडेला दोन दाब आहेत. एक कारखान्याचा, सरळ. दुसरा माझ्या इस्त्रीच्या टोकाचा, शेवटाला जरा रुंद.”

पाकीट प्रणिताच्या फायलीत होतं. डॉक्टरांनी भिंगाखाली धरलं. दोन दाब होते. दुसरा शेवटाला जरा रुंद.

अध्यक्षबाईंनी विचारलं, “मग तपासणीच्या आधी का नाही सांगितलंत?”

“त्यानं सांगू नको म्हटलं होतं.”

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. एवढ्या मोठ्या चौकशीत हे कारण फार लहान वाटलं असणार.

परतीच्या वाटेवर गाडीनं नारायणगाव मागे टाकलं. प्रणिता खिडकीकडे तोंड करून म्हणाली, “मी तुम्हाला म्हटलं, तुमचा विश्वास नाही त्याच्यावर. तेव्हाही नाही बोललात.”

“नाही.”

“मला खोट्या प्रतिज्ञापत्रावर उभं केलंत.”

“हो.”

“त्यानं तुम्हाला सांगितलं, मला नाही.” बऱ्याच वेळानं तिनं एवढंच जोडलं, “सरळ आहे म्हणून.”

घरी आल्यावर तिनं बॅग भरली आणि सिन्नरला माहेरी गेली. भांडण झालं असतं तर बरं, असं छायाबाईंना वाटलं. भांडलेलं माणूस उरलेलं भांडायला तरी परत येतं.

*

अहवाल डिसेंबरात आला. एकशे चाळीस पानांचा. हर्षलचा भाग दीड पानात होता. छायाबाईंनी तो दुकानात, टेबलाशी उभं राहून वाचला.

धाग्याची तपासणी बाद. पाण्यानं आणि उष्णतेनं पुरावा नष्ट झाल्यामुळे निवाऱ्यात किरण शिरले की नाही, हे ठरवता येत नाही. वादळाच्या वेळी खैरनार कुठे होते, हे ठरवता येत नाही. उलटी झाल्याचं सांगणं एकट्या आईच्या शब्दावर अवलंबून आहे आणि त्याला भौतिक आधार नाही. शिवाय तशी कृती निवाऱ्यात असतानाच झाली असं मानायला कारण नाही.

मग एक ओळ होती. ती एकच ओळ पक्की होती. सीलबंद स्मृतिध्वज नियमाविरुद्ध उघडून तो मळवल्याचं, अंतराळवीराच्या आईच्या कबुलीवरून, सिद्ध होतं.

छायाबाईंनी ती ओळ दोनदा वाचली. तो आत होता हे सांगताना त्यांचा शब्द पुरेसा नव्हता. त्यानं झेंडा मळवला हे सांगताना तोच शब्द पुरला.

ध्रुवपथनं धडा काढला नाही. सुधारला. ‘आज्ञा मोडून बाहेर गेले’ असं होतं, तिथे ‘बाहेर गेल्याची शक्यता आहे’ असं केलं, आणि खाली नवा परिच्छेद जोडला, सीलबंद वस्तूंची शिस्त. आता प्रश्न दहा गुणांचे झाले. जानेवारीत नवी तुकडी वर गेली. निवाऱ्यातल्या पिशव्या भरलेल्या आहेत असे कागद त्यांच्याबरोबर होते, आणि भिंतीतल्या कप्प्यात तीन नवे झेंडे.

हर्षलला आयुष्यात एकाच गोष्टीची लाज वाटली होती. ती गोष्ट आता छापून आली होती, आणि ती सांगणारं तोंड आईचं होतं.

प्रणिता फेब्रुवारीत आली, एका दुपारी, बॅग न घेता. हातात लिफाफा होता. समितीकडून झेंडा आणि पत्र तिच्या पत्त्यावर आलं होतं.

“वाचा,” ती म्हणाली.

पत्रात लिहिलं होतं, की ध्वज मळल्याचं कबुलीत आल्यामुळे आणि तपासणीसाठी त्याचा धागा काढल्यामुळे तो आता लावण्याजोगा राहिलेला नाही. ध्वजसंहितेप्रमाणे कुटुंबानं तो खासगीत, मान राखून, अखंड, शक्यतो जाळून नष्ट करावा आणि तसं कळवावं.

“मळलेला नाहीये,” छायाबाई म्हणाल्या. “पांढरा शुभ्र आहे.”

“मला दिसतंय, आई.”

‘आई’ म्हणाली, एवढं छायाबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी त्यावर जास्त भार टाकला नाही.

नियम दोघींनाही मान्य होता. तो अपमान नव्हता, झेंड्याला निरोप द्यायची तीच रीत होती, आणि छायाबाईंनी कॅम्पातल्या कित्येक जीर्ण झेंड्यांना तो शेवटी नीट घडी घालून दिला होता. मागच्या अंगणात, भट्टीच्या जुन्या दगडांमध्ये प्रणितानं कोरडी लाकडं रचली. छायाबाईंनी झेंडा उलगडला, अंगणातल्या उन्हात धरला आणि दोघींनी मिळून लाकडांवर पसरून ठेवला. खादी पातळ होती. वाऱ्यानं कड हलली तशी प्रणितानं ती हातानं दाबून धरली.

काडी तिनं लावली. आग हिरव्या बाजूनं धरली.

“कुठे होता?” तिनं विचारलं.

“काय?”

“डाग.”

छायाबाईंनी बोट दाखवलं. “तिथे. पांढऱ्यावर. चक्राच्या डाव्या अंगाला.”

“केवढा?”

“तळहाताएवढा.”

“थोडासा ठेवायचा होतात आई.”

“ठेवता आला नसता गं,” छायाबाई म्हणाल्या. “त्यानं विचारलं होतं ना, अगदी काही कळणार नाही असा निघेल का म्हणून.”

प्रणिता त्यांच्याजवळ येऊन दगडावर टेकली. आग सावकाश वर सरकत होती, आणि ती त्या जागेपर्यंत पोचेतो दोघी तिथेच बघत राहिल्या.